तुपावांचून सण

महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या पंक्तींत मीठ एक वेळ पानाच्या भलत्या बाजूस पडलें तरी खपून जातें. परंतु वरणभातावर तूप पडल्यावांचून चित्राहुति घालण्यास कोणी हात उचलीत नाहीं. तुपाच्या त्या चार थेंबांस आपण 'अन्नशुद्धि' असेंच नांव ठेविलें आहे. अशा आमच्या वाचकांस हें ऐकून नवल वाटेल कीं, आपलीच मराठी भाषा बोलणारा, कोंकणांत शेंकडों वर्षें नांदलेला, पुरणपोळीची चव जाणणारा असा एक समाज आहे कीं, ज्याच्या सर्वांत मोठ्या सणाच्या पक्वान्नांत तुपाचा थेंबहि नसतो आणि गाईम्हशीच्या दुधाचा स्पर्शहि नसतो. हा समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात् यहुदी धर्माचे मराठी लोक. त्यांच्या घरच्या सागुतीविषयीं लिहिण्याचें हें स्थळ नव्हे, आणि आमचा तो अधिकारहि नव्हे. परंतु त्यांच्या स्वयंपाकाचें जें निरामिष अंग आहे तें अवश्य पाहण्याजोगें आहे. कारण तें वैराग्यांतून किंवा अहिंसेंतून उपजलेलें नसून एका निषेधांतून उपजलेलें आहे. निषेधांतून इतकें गोड कांहीं निघावें, ही गोष्ट ज्यानें थोडेंबहुत धर्मशास्त्र चाळलें आहे त्यास मोठी रंजक वाटते.

'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलाचीं मुलें. त्यांची परंपरा अशी कीं, अति प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास एक गलबत फुटलें, व त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचा हा सारा विस्तार. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें या समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या पश्चात् १९३७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत हें आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलें धरलें आहे. संशोधकांचें यावर एकमत नाहीं, व आम्हांसहि त्या वादांत शिरावयाचें नाहीं. कोंकणांत स्थिरावल्यावर या लोकांनीं तेलाचे घाणे घातले आणि शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार म्हणून त्या दिवशीं घाणा बंद ठेविला. तेव्हां शेजारपाजारचे लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें ऐकून कोणासहि परकेपणाचा संशय यावयाचा नाहीं. अलिबागेंत अजून इस्रायल आळी आहे.

आमच्या नगर जिल्ह्याशीं (ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात) यहुद्यांचा संबंध थोडा आणि आडवळणाचा. १८३१ मध्यें नगरास आलेल्या अमेरिकन मराठी मिशननें त्यापूर्वीं मुंबई व कोंकण या भागांत ज्या मराठी शाळा काढल्या, त्यांत शिकविण्यास बेने इस्रायल पंतोजी होते, हें आम्हां मास्तरमंडळींस सांगावेंसें वाटतें. दुसरा संबंध दुःखाचा. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हिंदुस्थानांतील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांस नगरच्या छावणींत स्थानबद्ध केलें. त्यांत हिटलरच्या छळास कंटाळून पळून आलेले यहुदीहि सांपडले! मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनला त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करावी लागली. असो.

आतां मूळ निषेधाकडे वळूं. यहुद्यांच्या धर्मग्रंथांत तीन ठिकाणीं, निर्गमांत दोनदां व अनुवादांत एकदां, अशी आज्ञा आहे कीं करडूं त्याच्या आईच्याच दुधांत शिजवूं नये. पुढील शास्त्रकारांनीं तिचा विस्तार आपल्या मीमांसकांस शोभेल अशा सूक्ष्मतेनें केला. आज्ञा तीनदां कां? तर शिजविणें, खाणें आणि त्यापासून अन्य लाभ घेणें या तिन्ही क्रिया वर्ज्य ठराव्या म्हणून. करडूं म्हणजे केवळ करडूं नव्हे, तर सर्व मांस; आणि दूध म्हणजे लोणी, तूप, दहीं, ताक सर्व. दोहोंचीं भांडीं निराळीं. मांस खाल्ल्यावर दुधाला शिवण्यापूर्वीं कित्येक तास जावे लागतात. पुष्कळ ठिकाणीं हे सहा तास धरतात. राहिलें तें तिसरें अन्न: धान्य, कडधान्यें, भाज्या, फळें, तेल. हें ना मांसाचें ना दुधाचें, म्हणून दोन्ही पानांत चालतें. युरोपांतील यहुदी यास 'पारेव्ह' म्हणतात, आणि आतां तो शब्द जगभरच्या यहुद्यांत रूढ आहे.

येथें आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें तटस्थ अन्न म्हणजे आपला शाकाहार नव्हे. अंडीं व मासे हींहि त्यांच्या गणतींत तटस्थच आहेत. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं खाऊच्या पुड्यावर असा शिक्का पाहिला तर त्यांत दूध नाहीं व मांस नाहीं एवढेंच समजावें. अंडें नसेलच असें धरून चालूं नये. उलट पालेभाजीच्या बाबतींत ते आपल्याहून कडक. पानांत किडा राहतां कामा नये, म्हणून पान न् पान उजेडांत धरून पाहतात.

हा नियम आमच्या घरीं कळला तो पुस्तकांतून नव्हे. एक बेने इस्रायल गृहस्थ रेल्वेच्या नोकरीनिमित्त कांहीं वर्षें नगरास होते. त्यांचा आमच्या वडिलांशीं स्नेह होता. एका रविवारीं ऐन दुपारीं ते कांहीं कामास आले, आणि आमच्या काकूंनीं आग्रह करून त्यांस पानावर बसविलें. काकूंनीं तुपाची वाटी पुढें केली तों त्यांनीं पानावर हात आडवा धरला.

"वहिनी, तूप तेवढें नको."

काकूंचा चेहरा उतरला. "घरच्या लोण्याचें आहे हो भाऊसाहेब, डब्यांतलें नव्हे."

ते गृहस्थ अगदीं संकोचले. म्हणाले, "तुपाला नांव ठेवीत नाहीं, वहिनी. सकाळीं घरीं सागुती खाऊन निघालों आहें. आतां संध्याकाळपर्यंत दूधतूप मला चालायचें नाहीं."

त्या पंक्तींत सागुतीचा उच्चार तोंवर कोणी केला नसेल. क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमचेंहि सोवळेंच आहे कीं!" आणि आंत जाऊन तेलांत मोहरीची फोडणी करून त्यांनीं ती वरणावर घातली. शेवटीं ताकहि त्यांनीं घेतलें नाहीं. जातांना मात्र एक गोष्ट त्यांनीं हंसत सांगितली: फिरतीवर असतांना कांटेकोर यहुदी माणसास ब्राह्मणाच्या खाणावळीसारखें निर्धास्त ठिकाण दुसरें नाहीं, कारण तेथें मांसाचें भांडेंच नसतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या सणांचें पक्वान्न समजतें. सणाच्या पानांत मांस बहुधा असतेंच. तेव्हां त्याच पानांत बासुंदी वाढतां येत नाहीं, कीं तुपांतला शिरा वाढतां येत नाहीं. जगांतल्या यहुदी गृहिणींनीं ही अडचण आपापल्या भूमीप्रमाणें सोडविली. भूमध्य समुद्राच्या आसपास ऑलिव्हचें तेल व बदाम उपयोगीं पडले, कोंकणांत नारळ. नारळाचें दूध कोंकणांत सर्वच जातींच्या स्वयंपाकांत आहे, म्हणून तें या लोकांनीं शोधून काढलें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु इतरांकडे तें चवीसाठीं आलें, यांच्याकडे तें नियमानें कायम झालें. तळणास घाण्याचें तेल तर घरचेंच होतें.

या पक्वान्नांचा मुकुटमणि म्हणजे चिकाचा हलवा. यहुदी वर्षारंभास, ज्यास हे लोक 'नव्याचा सण' म्हणतात, हा हलवा झालाच पाहिजे. वरील गृहस्थांच्या पत्नीनें पहिल्या वर्षीं तो आमच्याकडे ताट भरून पाठविला, तेव्हां वडीलधाऱ्यांत मोठी चर्चा झाली. अंडें नाहीं, चरबी नाहीं, सारें निरामिष. पण परक्या चुलीवरचें शिजलेलें! निर्णय होण्यापूर्वींच आम्हां मुलांनीं ताट रिकामें केलें. पुढच्या वर्षीं चर्चा झाली नाहीं. काकूंनीं तर त्या बाईंस विचारून कृति आपल्या वहींत उतरून घेतली, ती अशी:

चांगले गहू तीन दिवस भिजत घालावे व रोज पाणी बदलावें. चौथ्या दिवशीं वाटून, पाणी घालून, फडक्यांतून पिळून सत्त्व काढावें. तें रात्रभर स्थिर ठेविलें म्हणजे चीक खालीं बसतो व वर पिवळट पाणी येतें. तें हलकेच ओतून टाकावें. कुरडईसाठीं आपण करतों तेंच हें. नंतर एक वाटी दाट चिकास चार वाट्या नारळाचें दूध व दीड वाटी साखर घेऊन, तिन्हीं एकत्र कालवून, गुठळी मोडून, जाड बुडाच्या पातेल्यांत मंद विस्तवावर ठेवावीं. यापुढें हात थांबतां कामा नये. आरंभीं तें पातळ असतें. मग एकाएकीं घट्ट होऊं लागतें. येथें नवशिक्या बाईस वाटतें कीं झालें. पण झालेलें नसतें. चीक कच्चा राहिला तर हलवा टाळ्याला चिकटतो. ढवळतां ढवळतां रंग पालटून गोळा पारदर्शक दिसूं लागावा, नारळाचें तेल कडेनें सुटावें आणि गोळा पातेलें सोडून पळीबरोबर फिरावा. यास तासाहून अधिक वेळ सहज लागतो. वेलची व जायफळ घालून ताटांत थापावा, वर बदामपिस्त्याचे काप दाबावे व पुरता निवाल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडाव्या. ताटाला तुपाचा हात लावण्याची गरज नाहीं; नारळाचेंच तेल पुरतें. नगरासारख्या घाटावरच्या गांवीं एवढे नारळ फोडणें पूर्वीं खर्चाचें काम होतें, तरी वर्षांतून एकदां काकूंनीं तें पुष्कळ वर्षें केलें.

सणांचीं मराठी नांवें हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. वर्षारंभानंतर तीन दिवसांनीं 'खिरीचा सण' येतो. त्यांत नव्या धान्याची, नारळाच्या दुधाची गोड खीर ऊद जाळून, प्रार्थना म्हणून खातात. आपल्याकडील नवान्नाची आठवण येते. दहाव्या दिवशीं 'दारफळणीचा सण', म्हणजे दारें लावून घरांत बसण्याचा कडकडीत निर्जळी उपवास. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या पुरीम या सणास ते 'होळीचा सण' म्हणतात व त्या दिवशीं पुरणपोळी करतात. पंचांग पाहणाऱ्यांस यांत एक मौज दिसेल. यहुद्यांचे महिनेहि चांद्र असून अधिक मास घालून ते ऋतूंशीं जुळविलेले आहेत. त्यांचा निसान पहिला धरला तर तो बहुतेक वेळां आपला चैत्र. पांचवा आव्ह म्हणजे श्रावण. सातवा तिश्री म्हणजे आश्विन. त्यामुळें नव्याचा सण पुष्कळदां आपल्या घटस्थापनेच्या आसपासच येतो. अधिक मास दोघांचे एकाच वर्षीं आले नाहींत तर मात्र महिन्याचें अंतर पडतें.

आव्ह महिन्याच्या नवमीस यरुशलेमच्या देवालयाच्या नाशाचा शोक पाळतात. पहिलें देवालय ख्रिस्तपूर्व ५८६ मध्यें बाबिलोनच्या सैन्यानें, व दुसरें इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें उध्वस्त केलें. या उपवासाचें बेने इस्रायलांमधील नांव 'बिरड्याचा', कारण त्या प्रसंगीं केळीच्या पानावर वालाच्या बिरड्याचें जेवण होई. जगांतील इतर यहुदीहि शोकाच्या वेळीं मसूर खातात. मसुरास तोंड नाहीं, तसें शोकाकुल माणसासहि बोलण्यास तोंड नाहीं, असा अर्थ ते लावतात. कोंकणांत मसुराऐवजीं वाल आले, एवढाच फरक. वाल भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे, कोमट पाण्यांत टाकून एक एक सोलावे आणि नारळाच्या रसांत शिजवावे, हें काम आमच्या वाचक भगिनींस नवें नाहीं. आपण त्यास डाळिंब्या म्हणतों. दूर यरुशलेमांत जळलेल्या मंदिराचें दुःख श्रावणांतल्या डाळिंब्यांशीं बांधलें जावें, याहून एखादा समाज भूमीशीं एकजीव झाल्याची खूण ती कोणती असावी?

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास वल्हांडण, म्हणजे मिसर देशांतल्या दास्यांतून सुटल्याचा सण. त्या आठ दिवसांत आंबवलेलें कांहीं चालत नाहीं. बेने इस्रायलांच्या घरीं एका मातीच्या भांड्यांत आंबट रस्सा सांठविलेला असे, त्यास 'अनस' म्हणत. त्याचें तोंड या दिवसांत झांकून ठेवीत, म्हणून सणाचें नांव 'अनशी धाकाचा सण'. १८७४ मध्यें पुण्यास छापलेल्या, मराठी अर्थासह असलेल्या हगादा नांवाच्या पोथींत या सणाच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचें चित्र आहे. त्या बायका लुगडें नेसून बसल्या आहेत. मद्याचा विधि आला कीं या लोकांनीं मनुका भिजवून त्यांचें सरबत काढावें, हाहि त्यांचा जुना प्रघात. त्यामुळें धर्मकृत्याच्या प्याल्यांतहि मादक कांहीं नसे.

परंतु या सर्वांहून आमच्या मनांत अधिक भरतो तो मलिदा. शब्द फारसी, चोळणें, मळणें असा त्याचा अर्थ. दर्ग्यांत वाटतात तो मलिदा गव्हाच्या पोळीचा, हा पोह्यांचा. पोहे धुवून मऊ करावे, त्यांत ओलें खोबरें, गूळ किंवा साखर व वेलची घालून हातानें हलकेच कालवावें, ताटांत रास करून भोंवतीं केळीं, खजूर व मिळतील तीं फळें मांडावीं. नवस फेडणें, नवें घर, लग्न, दुखण्यांतून उठणें, दूरचा प्रवास, अशा प्रसंगीं एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांचें नांव घेऊन हें ताट मांडतात. अलिबागेजवळच्या खंडाळें गांवीं एलियाचा रथ स्वर्गास जातांना टेकला, अशी त्यांची श्रद्धा असून तेथील खडकावर त्याची खूण दाखवितात. खातांनाहि क्रम असतो: झाडाच्या फळाचा आशीर्वाद निराळा, जमिनीवरच्या उपजाचा निराळा, धान्याचा निराळा, सुवासाचा निराळा. आपल्याकडे पंचखाद्याच्या नैवेद्यापुढें मंत्र म्हणतों त्यांतला आणि यांतला भाव आम्हांस भिन्न वाटत नाहीं. मात्र प्रार्थना हिब्रू, आणि पुढें मूर्ति नाहीं. यहुद्यांच्या इतर शाखांत हा पोह्यांचा विधि नाहीं. तो या मराठी मुलुखांतच घडला.

येथें कोणी उतावीळपणें असें म्हणूं नये कीं हे लोक मुळांत शाकाहारी होत. तसें नाहीं. त्यांच्या ओळखीची जी आख्यायिका प्रसिद्ध आहे तीच मुळीं माशांची आहे: डेव्हिड राहाबी नांवाच्या यहुदी पंडितानें बायकांपुढें नाना प्रकारचे मासे ठेविले, आणि पर व खवले असलेले तेवढेच त्यांनीं शिजविण्यास निवडले, त्यावरून हे यहुदी खरे असें त्यानें जाणलें. पूर्वीं शेजारच्या हिंदूंप्रमाणें ते गोमांस टाळीत, हेंहि खरें. पण त्यांच्या धर्मग्रंथाच्या आरंभीं आदिमानवास वनस्पति व फळें एवढेंच अन्न नेमून दिलें असून मांसाची मोकळीक जलप्रलयानंतर नोहास मिळाली आहे. यरुशलेमचे रब्बी अब्राहम कूक, जे १९२१ मध्यें पॅलेस्टाइनचे मुख्य रब्बी झाले, त्यांनीं यावरून असें प्रतिपादन केलें कीं मांसाची ती मोकळीक मनुष्याच्या दुर्बलतेस दिलेली तात्पुरती सवलत आहे. आपल्या मनुस्मृतींतील मांसविचार ज्यांनीं वाचला आहे त्यांस हा युक्तिवाद परका वाटणार नाहीं.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनें इस्रायल देशांत गेला. आज भारतांतील सर्व यहुदी मिळून चारपांच हजारांच्या आसपास असतील. महाराष्ट्र सरकारनें २०१६ मध्यें त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्रायलांत बीरशेबा, डिमोना, अश्दोद या नगरांत मराठी ऐकूं येतें आणि मलिद्याचें ताटहि मांडलें जातें. पण तीन दिवस गहू भिजवून चीक काढण्यास हात कोठून आणावे? कोणी मक्याचें पीठ वापरतो, कोणी चायनाग्रास. नारळाचें दूध डब्यांतलें. अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांनीं २०२१ मध्यें भारतीय यहुद्यांच्या अन्नावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, हें फार चांगलें झालें. कारण या कृति बहुशः बायकांच्या हातांतच राहिल्या, आणि हात गेले कीं कृति जातात.

आमचे ते रेल्वेवाले स्नेही निवृत्त झाल्यावर सहकुटुंब तिकडेच गेले. पतिपत्नी दोघेंहि आतां नाहींत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या कन्येनें आमच्याकडे विचारणा केली कीं, आईनें नगरास असतांना कोणास हलव्याचें प्रमाण सांगितलें होतें काय. घरांत कोणाजवळ तें लिहिलेलें नाहीं. काकूंच्या वहींतलें तें पान आम्हीं स्वच्छ अक्षरांत उतरून पाठविलें. साखरेच्या मापावर काकूंनीं काट मारून दोन वाट्यांची दीड वाटी केली होती. दोन्ही मापें पाठविलीं. तिचें उत्तर आलें कीं आई दोनच वाट्या घालीत असे.